चाकातली वीज

रात्रीचे साडेदहा, सिंहगड रोड, आणि ऐन वळणावर माझ्या सायकलचा बॅटरीवाला लाइट ढप्प! समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याला मी दिसलेच नाही. त्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. घरी बाबा एवढंच म्हणाले, “आमच्या वेळी दिव्याशिवाय पोलिस सोडत नसत.”

त्यांचा टायरला घासणारा, गुरगुरणारा डायनामो आठवला. मी त्याचा शांत भाऊ शोधला : हब डायनामो. पुढच्या चाकाच्या हबमध्येच चुंबक आणि कॉइल. चाक फिरलं की 6 व्होल्ट, 3 वॅट. ओल्या टायरवर घसरायची भानगडच नाही!

पण नुसता हब बदलून भागत नाही, चाक नव्यानं विणावं लागतं. रिमला 36 भोकं, तर हबलाही 36 हवीत. नवा हब जाडा, त्यामुळे जुन्या तारा लांब पडल्या. सायकलवाल्या काकांनी नव्या तारा ओवल्या, आऊट काढला, वायर जोडली. चाकाला एक गरका दिला आणि दिवा पेटला!

पेडल किंचित जड लागतं, पण चार्जिंग विसरायची सोय उरली नाही. दिव्यात कपॅसिटर आहे, म्हणून सिग्नलला थांबले तरी काही मिनिटं उजेड असतो.

बाबांनी परवा एक चक्कर मारली. दोनदा खाली वाकून पाहिलं. म्हणाले, “आवाजच नाही गं!”