मनःशांतीच्या मेसेजची पंचसूत्री



गटाची पंचसूत्री आपल्याला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते : नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब लेखन. दहा रुपयांचा मेळ लागला नाही तरी आपण बैठक उठू देत नाही. पण मोबाइलवर ‘मन शांत ठेवण्याचे सोपे उपाय’ आले आणि कुणी ते बैठकीत वाचून दाखवले, की आपण नुसत्या माना डोलावतो. कोणी लिहिलं, कशावरून लिहिलं, हे कुणी विचारत नाही. पैशाचा हिशेब मागतो, तसा या सल्ल्याचाही मागायला हवा.

असे सगळेच सल्ले खोटे असतात असं नाही. माइंडफुलनेस हा शब्द तुम्ही ऐकला असेल. त्यात श्वासाकडे लक्ष ठेवायचं, आलेला विचार येऊ द्यायचा, जाऊ द्यायचा. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी रुग्णांसाठी याचा वर्ग सुरू केला. पुढे त्यावर बरंच संशोधन झालं.

त्यातलंच एक उदाहरण घेऊ. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चिंतेचा आजार असलेल्या २७६ जणांचे दोन गट केले होते. एका गटाला आठ आठवडे ध्यान शिकवलं. दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, शिकवायला तयार शिक्षक आणि घरी रोज पाऊण तास सराव. दुसऱ्या गटाला चिंतेवरची गोळी दिली. शेवटी दोन्ही गटांची चिंता जवळजवळ सारखीच कमी झाली.

आता ही बातमी एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाते तेव्हा काय होतं बघा. आधी ‘आठ आठवडे’ गळतात. मग ‘शिक्षक’ गळतो. मग ‘चिंतेचा आजार’ गळून नुसता ‘आजार’ उरतो. शेवटी आपल्यापर्यंत येतं ते एवढंच : ‘ध्यान करा, गोळ्या फेकून द्या.’ चालू गोळी बंद केली तर काय होतं, हे त्या अभ्यासात तपासलंच नव्हतं. फिटची गोळी एकदम थांबवली तर जोराची फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. बीपीच्या गोळीचंही तसंच. म्हणून गळालेली ओळ ही साधी गोष्ट नाही.

तेव्हा असा मेसेज वाचून दाखवण्याआधी, किंवा आपल्या रेडिओवर बोलण्याआधी, पाच प्रश्न विचारूया.

पहिला, कोण सांगतंय आणि काय विकतंय? लिहिणाऱ्याचं नाव, शिक्षण, तारीख आहे का? खाली तेल, चूर्ण, यंत्र किंवा महागड्या शिबिराची जाहिरात असेल तर सावध व्हा. मधुमेह, फिट, रक्तदाब, वेडसरपणा अशा आजारांवर खात्रीचा इलाज म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे.

दुसरा, कशावरून? ‘शास्त्रज्ञ म्हणतात’ एवढ्यावर भागत नाही. किती जणांवर पाहिलं, किती दिवस, कोणत्या त्रासावर? ‘माझ्या वहिनीला गुण आला’ ही चांगली बातमी आहे, पण एकटीचा अनुभव सगळ्यांना लागू होतोच असं नाही.

तिसरा, हे कोणासाठी नाही? डोळे मिटून बसल्यावर काहींना जुने घाव आठवून जास्त घाबरायला होतं. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराच्या अर्जातसुद्धा मानसिक आजार आणि चालू औषधं यांची माहिती विचारतात. ‘सर्वांना, सर्व आजारांवर’ असं म्हणणारा सल्ला तिथेच बाजूला ठेवा.

चौथा, डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगतंय का? सांगत असेल तर मेसेज पुढे पाठवायचा नाही. गोळी कमी करायची की थांबवायची, ते डॉक्टरच ठरवतील.

पाचवा, दोष कोणावर टाकतंय? ‘दुःख तुमच्या विचारांत आहे, विचार बदला’ हे वाचायला गोड लागतं. पण नवरा दारू पिऊन मारत असेल, सावकार दारात उभा असेल, तर ते दुःख विचारांतलं नसतं. श्वास मोजून तिला घटकाभर बरं वाटेल, पण मार थांबणार नाही. तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर द्यायला हवा आणि सोबतीला गट हवा. बाईलाच दोषी ठरवणारं लिखाण कितीही शांत शब्दांत असलं, तरी ते भरवशाचं नाही.

मग भरवशाचा मेसेज कसा दिसतो? साधारण असा : ‘रोज थोडा वेळ शांत बसून श्वासाकडे लक्ष दिल्याने काहींची चिंता कमी होते. त्रास वाटला तर थांबा. चालू औषध बंद करू नका. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना भेटा.’ यात चमत्कार नाही, म्हणून हा फार पुढे जात नाही. पण आपण वाचावा तो हाच.

आणखी एक नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : १४४१६. ही सरकारची टेली-मानस सेवा, २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर तिला एकटं सोडू नका. जवळ बसून तिच्यासोबत फोन लावा.

पुढच्या बैठकीत हिशेब वाचून झाला की दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकीने मोबाइलवरचा एक आरोग्याचा मेसेज आणावा आणि सगळ्यांनी मिळून त्याला हे पाच प्रश्न विचारावेत. जो टिकेल तो पुढे पाठवा, जो टिकणार नाही तो आपल्यापाशीच थांबवा.