स्वस्त बाटलीतली चार द्राक्षे

वाइनच्या दुकानात कमी किमतीच्या कप्प्यासमोर उभा असलेला ग्राहक बहुधा एखाद्या वाणाचे नाव शोधत असतो. शिराझ, कॅबरने सोव्हिन्यॉन, मर्लो. नाव एकच असले की माल शुद्ध वाटतो. लेबलावर तीन-चार वाणांची नावे दिसली, किंवा एकही दिसले नाही, की शंका येते : उरलेसुरले एकत्र करून बाटली भरली असेल का? स्पेनच्या रेड वाइनबाबत ही शंका चुकीच्या जागी घेतली जाते, असे माझे म्हणणे आहे. महागड्या बाटल्यांचा विचार वेगळा. पण पैसे बेताचे असतील, तेव्हा स्पॅनिश वाणांचे ब्लेंड एकाच वाणाच्या वाइनपेक्षा बहुतेक वेळा अधिक भरवशाचे ठरते. याचे कारण कोणाच्या आवडीनिवडीत शोधायला नको. ते स्पेनच्या उन्हात, द्राक्षाच्या सालीत आणि लाकडी पिंपाच्या किमतीत आहे.

आधी वाण पाहू. टेम्प्रानिओ हा स्पेनचा अग्रगण्य काळा वाण. उत्तरेकडच्या रिओहा भागात काळ्या द्राक्षांच्या लागवडीत त्याचा वाटा ८५ टक्क्यांहून अधिक आहे. तो लवकर पिकतो, रंग चांगला देतो, तुरटपणा बेताचा ठेवतो, आणि तरुण वाइनमध्ये लाल चेरी-आलुबुखारासारखा वास आणतो. त्याची उणीव आंबटपणाची. उष्ण जागी आम्ल झपाट्याने उतरते आणि वाइन सपाट लागते. गार्नाचाची तऱ्हा निराळी. तो उशिरा पिकतो, वारा आणि दुष्काळ सोसतो, मण्यात साखर भरपूर धरतो, त्यामुळे अल्कोहोल सहज १४-१५ टक्क्यांवर जाते. तोंडभर पसरणारी गोलाई आणि स्ट्रॉबेरीसारखा उघडा, मोकळा वास ही त्याची देणगी. पण साल पातळ, म्हणून रंग फिका. शिवाय हवा लागली की तो रंग लवकर तपकिरीकडे झुकतो. आग्नेयेकडच्या हुमिया आणि येक्ला या तापलेल्या पट्ट्यात मोनास्त्रेलचे राज्य आहे. लहान मणी, जाड साल, गडद रंग, दणकट तुरटपणा. एकट्याने बाटली भरली तर तो कधी कधी जड आणि करपल्यासारखा लागतो. उरले ग्रासियानो आणि माथुएलो, ज्याला इतर भागांत कारिन्येना म्हणतात. ग्रासियानोचे उत्पन्न इतके कमी की शेतकऱ्यांनी त्याकडे पाठ फिरवली. माथुएलोला भुरी फार लवकर धरते. पण उष्ण वर्षातही हे दोघे आंबटपणा टिकवून धरतात, आणि म्हणूनच रिओहातल्या जुन्या वाइनकर्त्यांनी त्यांना थोड्या प्रमाणात का होईना, कधी पूर्णपणे सोडले नाही. टेम्प्रानिओला कमी पडणारी गोलाई गार्नाचा देतो, गार्नाचाला न जमणारा रंग आणि कणा मोनास्त्रेल किंवा माथुएलो देतो, दोघांनाही लागणारी धार ग्रासियानोकडून येते. युरोपातल्या थंड मुलखांत एखादा वाण एकट्याने समतोल साधू शकतो, कारण तिथे आम्ल टिकते. स्पेनच्या बहुतेक भागांत ती सोय नाही.

आता पैशांची बाजू. वाइनमधली खोट झाकायचे किंवा तिला वजन द्यायचे सर्वांत जुने साधन म्हणजे ओक लाकडाचे पिंप. रिओहातले नेहमीचे पिंप २२५ लिटरचे, म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बरोबर ३०० बाटल्यांचे. नव्या फ्रेंच पिंपाला कित्येकशे युरो पडतात. तेव्हा नुसत्या लाकडापोटीच प्रत्येक बाटलीवर दोन-तीन युरो चढतात, आणि स्पेनमध्ये ज्या बाटल्या मुळात चार-पाच युरोंना विकायच्या असतात, त्यांना ते परवडणे शक्यच नाही. मग स्वस्त वाइन करणाऱ्यासमोर रस्ते कोणते? एक म्हणजे जुनी पिंपे पुन्हा पुन्हा वापरणे. रिओहाच्या ‘क्रियांसा’ दर्जाच्या वाइनला किमान दोन वर्षे मुरवावे लागते, त्यातले एक वर्ष पिंपात, आणि पुष्कळशा स्वस्त क्रियांसा अशाच जुन्या पिंपांतून येतात. दुसरा रस्ता टाकीत ओकचे तुकडे टाकण्याचा. युरोपीय संघाने २००६ पासून त्याला मुभा दिली आहे. त्यातून येणारा व्हॅनिलाचा भपका पहिल्या घोटाला सुखावतो आणि तिसऱ्या घोटाला कंटाळा आणतो. तिसरा रस्ता ब्लेंडचा. त्याला वेगळे भांडवल लागत नाही. लागते ते वेगवेगळ्या बागांचे, वेगवेगळ्या उंचीवरचे द्राक्ष आणि टाक्यांसमोर बसून प्रमाण ठरवणारी जाणती जीभ. कमी पैशांत चव सुधारण्याचे इतके प्रामाणिक साधन दुसरे नाही.

स्पेनला हे जमते कारण तिथे द्राक्ष आहे आणि तेही जुने. द्राक्षवेलींखालचे क्षेत्र जगात स्पेनमध्ये सर्वाधिक, नऊ लाख हेक्टरांच्या घरात. आरागोन प्रांतातल्या कांपो दे बोर्हा आणि कालातायुदमध्ये गार्नाचाच्या कित्येक दशकांच्या वेली उभ्या आहेत : मंडप नाही, तारा नाहीत, जमिनीलगत झुडपासारख्या वाढवलेल्या, कोरडवाहू. १९९६ पर्यंत स्पेनमध्ये वाइनच्या द्राक्षांना पाणी देण्यावर सर्वसाधारण बंदी होती, त्यामुळे वेली दूर दूर लावून मुळांना खोल जायला भाग पाडण्याची रीत पक्की झाली. हुमियाच्या रेताड जमिनीत तर फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जोर धरू शकली नव्हती, म्हणून तिथे खुंटावर कलम न करता स्वतःच्या मुळांवर उभ्या असलेल्या मोनास्त्रेलच्या वेली अजून सापडतात. अशा वेलींचे उत्पन्न कमी आणि रस दाट. तो दाट रस सहकारी वाइनऱ्यांच्या टाक्यांत येतो आणि स्वस्त ब्लेंडचा पाया होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे : चार वाण मिसळणे ही एक प्रकारची भेसळच नाही का? याचे उत्तर स्पेनच्या सर्वांत मानाच्या बाटल्यांकडे पाहून मिळते. ला रिओहा आल्ता या जुन्या कंपनीची ‘विन्या आर्दान्सा’ सुमारे ८० टक्के टेम्प्रानिओ आणि २० टक्के गार्नाचा अशी असते. ‘वेगा सिसिलिया उनिको’ या स्पेनमधल्या बहुधा सर्वांत नावाजलेल्या वाइनमध्ये टेम्प्रानिओबरोबर कॅबरने सोव्हिन्यॉन असते. प्रिओरातच्या डोंगरउतारांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जगाचे लक्ष वेधले, ते मुख्यतः गार्नाचा आणि कारिन्येना यांच्या मिलाफावर. शिवाय ज्याला आपण शुद्ध समजतो ते तरी कितपत शुद्ध? युरोपीय संघाच्या नियमानुसार लेबलावर एका वाणाचे नाव छापायला त्या वाणाचा ८५ टक्के वाटा पुरतो. उरलेल्या १५ टक्क्यांत काय आहे हे सांगण्याची सक्ती नाही. ब्लेंडच्या लेबलावर नावे छापलेली असतील, तर उलट तीच बाटली ग्राहकाला अधिक माहिती देते.

आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र खरा आहे : वाईट द्राक्ष लपवायलाही ब्लेंड सोयीचे पडते. म्हणूनच चाखायचे कसे हे कळायला हवे. सुरुवात तापमानापासून. रेड वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी ही सूचना थंड युरोपीय घरांसाठी होती. पुण्या-नागपुरातल्या उन्हाळ्यात ती पाळली तर अल्कोहोल नाकात चढते आणि फळाचा वास दबतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवून १५-१६ अंशांवर आणली की गार्नाचाचा भडकपणा निवतो. रंगाला फार महत्त्व देऊ नये. २००१ साली बोर्दोमधल्या संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन चवहीन लाल रंग घालून दिली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन रेड वाइनच्याच शब्दांत केले. डोळा नाकाला असा फसवतो, आणि फिक्या रंगाचे गार्नाचाबहुल ब्लेंड त्यामुळे नाहक पातळ ठरवले जाते. तोंडात घेतल्यावर तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. तुरटपणा, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखा हिरड्यांना धरणारा, कोरडा आहे की मऊ. लाळ सुटते की नाही, कारण आम्ल जिवंत असल्याची खूण तीच. आणि सर्वांत महत्त्वाचे, घोटाचा मधला भाग. वाईट ब्लेंडमध्ये सुरुवातीला गोडसर फळ असते, शेवटी अल्कोहोलची ऊब असते, मध्ये पोकळी असते. चांगल्या ब्लेंडमध्ये चव मध्येच तुटत नाही. उरलेली बाटली बूच लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखणे हीदेखील मोठी परीक्षा आहे : नुसत्या गार्नाचावर उभी असलेली वाइन रात्रीत कोमेजते, तर मोनास्त्रेलचा आधार असलेली बऱ्याचदा अधिक मोकळी होते.

कोणी म्हणेल, चव ही ज्याची त्याची, आणि महाग ते चांगले हे तर सर्वांनाच कळते. इथे पुरावा उलट बोलतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, लेबल झाकून केलेल्या सहा हजारांहून अधिक चाखण्यांत, सामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडल्या. प्रशिक्षित चाखणाऱ्यांचा कल मात्र महाग वाइनकडे दिसला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका प्रयोगात तीच वाइन जास्त किंमत सांगून दिली, तेव्हा ती लोकांना अधिक आवडली. जाणकारांना फरक कळतो, याचा अर्थ चव पूर्णपणे व्यक्तिगत नाही, ती शिकता येते. आणि शिकायला वेगवेगळ्या प्रमाणांची स्वस्त स्पॅनिश ब्लेंड्स उत्तम, कारण चूक झाली तरी खिशाला मोठा फटका बसत नाही.

खरा अवघड आक्षेप किमतीचाच आहे. इतकी जुनी वेल, इतके कमी उत्पन्न, तरी बाटली स्वस्त, ती कोणाच्या जिवावर? स्पेनची पुष्कळशी वाइन टँकरमधून, नाव-गावाशिवाय, अत्यंत कमी दराने परदेशी जाते. युरोपीय संघाने २००८ ते २०११ या काळात वेली उपटण्यासाठी अनुदान दिले, आणि ज्यांना भाव मिळत नव्हता अशा बागांनी ते घेतले. कमी उत्पन्नाची जुनी गार्नाचा त्यात सर्वांत आधी धोक्यात येते. त्यामुळे निनावी टँकरची वाइन आणि गावाचे, सहकारी संस्थेचे नाव असलेली बाटली यांत दुसरी निवडणे, दोन युरो जास्त पडले तरी, मला महत्त्वाचे वाटते. त्या दोन युरोंतला काही वाटा बागेपर्यंत पोहोचण्याची शक्यता तरी असते.

हे वाण आता आपल्यापासून दूर राहिलेले नाहीत. नाशिक जिल्ह्यात चारोसाने टेम्प्रानिओची वाइन केली. ग्रोव्हर झाम्पाच्या ‘शेन’ या रेडमध्ये टेम्प्रानिओ आणि शिराझ एकत्र येतात. गार्नाचा, म्हणजे फ्रेंच नावाने ग्रेनाश, सुलाच्या रोझेमध्ये आहे. नाशिकचे वेळापत्रक स्पेनच्या उलट आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर माल जानेवारी ते मार्चमध्ये काढणीला येतो, म्हणजे स्पेनमध्ये पिकताना दिवस थंड होत जातात आणि इथे तापत जातात. आम्ल टिकवण्याची अडचण इथे आणखी तीव्र. तरीही इथल्या पुष्कळशा स्वस्त रेड एकाच वाणाच्या नावावर विकल्या जातात आणि ब्लेंड मात्र बऱ्याचदा पिंपात मुरवलेल्या महाग बाटल्यांत दिसते. हा क्रम उलटा करून पाहण्यासारखा आहे : पिंपाविना, लवकर तोडलेल्या ग्रेनाशचा ताजेपणा, टेम्प्रानिओचे फळ आणि शिराझचा रंग घेऊन केलेली साधी रेड, आणि लेबलावर तिन्ही नावे त्यांच्या टक्क्यांसह.