जाड खोड ही ओळख नाही

जानेवारीत धंतोलीतल्या शेजारच्या काकूंनी गॅलरीतली एक कुंडी दाखवली. बुडाशी फुगलेलं करडं खोड, वर चार फांद्या, पान एकही नाही. नर्सरीवाल्याने ‘जेड’ म्हणून दिलेलं. “नातू हाताला लागेल ते तोंडात घालतो, म्हणून विचारते,” काकू म्हणाल्या. मोबाईलवरच्या ॲपने तीन फोटोंना तीन नावं दिली.

ॲपचं तरी काय चुकलं? जाड खोड म्हणजे पाणी साठवायची सोय, आणि कोरड्या प्रदेशात ती कितीतरी कुळांत स्वतंत्रपणे आली. खोडावरून झाड कशा हवेतलं हे कळतं, कोणाचं नातेवाईक हे नाही. मला संशय होता अडेनियमचा. फोर्सकालच्या 1775 च्या ग्रंथात त्याचं नाव ‘नेरियम ओबेसम’ आहे, म्हणजे लठ्ठ कण्हेर! पुढे वंश बदलला, पण कुळ कण्हेरीचंच, आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारं विषही तसंच.

पण फूल नाही, पान नाही, मग बघायचं काय? पान गळलं तरी त्याचा व्रण फांदीवर राहतो. जेडची पानं समोरासमोर जोडीने येतात, तसेच व्रणही. (नर्सरीत पुष्कळदा जेड म्हणून पोर्टुलाकारिया देतात, पण त्याचीही पानं समोरासमोरच.) काकूंच्या झाडावर व्रण एकेकटे, फांदीभोवती गोल फिरत चढलेले. म्हणजे जेड नाही, एवढं पक्कं.

एवढंच, बरं का. अडेनियम आहे हे यावरून ठरत नाही. चाफाही हिवाळ्यात असाच उघडा होतो आणि त्याचेही व्रण एकेकटेच असतात. एखादं लक्षण काय नाकारतं आणि काय सिद्ध करतं, यात माझी पहिल्या वर्षी फार गल्लत व्हायची. वहीत मी लिहिलं: ‘जेड नव्हे, कण्हेर कुळातलं असण्याची शक्यता, विषारी धरून चालावं.’ कुंडी त्याच दिवशी उंच कट्ट्यावर गेली. चीक बघायला फांदी खुडायचा मोह झाला होता, पण हातमोजे नव्हते.

मार्चमध्ये गुलाबी फुलं आली. पाच पाकळ्या, आणि नळीच्या तोंडाशी परागकोशांचे केसाळ दोरे. अडेनियमच. फळ धरलं तर शिंगांसारखी जोडी येईल आणि बीला दोन्ही टोकांना केसांचा झुबका असेल; तेवढं बघायचं राहिलंय. नोंदीत अजून ‘अडेनियम, बहुधा ओबेसम’ एवढंच आहे, कारण नर्सरीतली बरीच रोपं संकरित असतात.