लॅपटॉप घेताय? आधी रॅम बघा

दुकानात पहिला प्रश्न हमखास 'आय-फाइव्ह आहे ना?' हाच असतो. पण खरी गोम मॉडेल नंबरच्या शेवटच्या अक्षरात असते. इंटेलच्या १२व्या पिढीत १२३५यू ही १५ वॅटची, बॅटरी जपणारी चिप. १२४५०एच ही ४५ वॅटची, दमदार पण जास्त तापणारी. कॉलेज-ऑफिससाठी 'यू' पुरते. वाचलेले पैसे १६ जीबी रॅममध्ये घाला, कारण बऱ्याच पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी मात्र बहुतेकदा एका स्क्रूवर बसवलेली असते, पुढे बदलता येते. म्हणून सध्या ५१२ जीबीवर भागवा.

आणि स्क्रीन! स्वस्तात बरेचदा २५० निट्स ब्राइटनेसची मिळते. खिडकीपाशी बसलं की अक्षरं धूसर होतात. किमान ३०० निट्स आणि आयपीएस पॅनेल, इथे माझ्या मते तडजोड नकोच.