पाच तासांचा प्रवास आणि लांबलेला रोजा

रमजानमध्ये केलेल्या उमऱ्याचे पुण्य हजच्या बरोबरीचे असते, असे हदीसमध्ये आले आहे. म्हणूनच वर्षभर पै-पै साठवून अनेक कुटुंबे याच महिन्यात मुंबईहून जेद्दाहचे विमान पकडतात. हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर, थेट विमानाला लागणारा वेळ पाच ते साडेपाच तास. १९९५ पर्यंत हाजी मुंबई बंदरातून जहाजानेही जात आणि समुद्रावर आठवडाभर काढत. आज सहेरी मुंबईत आणि इफ्तार जेद्दाहत होऊ शकते.

पण हा रोजा घरच्या रोजापेक्षा लांब असतो. विमान पश्चिमेकडे, म्हणजे सूर्याच्या मागे मागे जाते. जेद्दाहचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते आणि तिथला सूर्य मुंबईनंतर साधारण सव्वादोन तासांनी मावळतो. समजा, मार्चच्या मध्यावर दुपारी चारचे विमान आहे. पावणेसातच्या सुमारास मुंबईत मगरिबची अजान होते, घरचे खजूर हातात घेतात. त्या वेळी विमान ओमानच्या आसपास असते आणि खिडकीतून ऊन आत येत असते. मनगटावरचे घड्याळ सांगते म्हणून रोजा सोडता येत नाही. प्रवासी जिथे आहे तिथला सूर्य मावळायला हवा. उंचीवर तो जमिनीपेक्षा काही मिनिटे उशिराच मावळतो. म्हणजे आपल्या वेळेने रात्रीचे नऊ वाजून जातात. त्याच सुमारास मिकात जवळ येते. पुरुषांनी एहराम आधीच नेसलेला बरा. मिकात ओलांडण्यापूर्वी उमऱ्याची नियत करावी लागते.

परतीच्या वाटेवर हाच हिशेब उलटतो. पूर्वेकडे येताना दिवस तेवढाच आखूड होतो. चंद्राचे गणितही लक्षात ठेवावे लागते. सौदीत रमजान बहुधा आपल्या एक दिवस आधी सुरू होतो. इथे रोजे सुरू करून तिथे ईद करणाऱ्याचे कधी अठ्ठावीसच रोजे भरतात. महिना एकोणतीसपेक्षा कमी नसतो, म्हणून राहिलेला एक रोजा ईदनंतर ठेवावा लागतो.

खरा प्रश्न असतो तो घरातल्या वयस्कर माणसांचा. आईला मधुमेह आहे, गोळ्यांची वेळ ठरलेली आहे, तरी 'अल्लाहच्या घरी जाताना रोजा कसा सोडू?' असे ती म्हणते. कुरआनच्या सूरह बकरामध्ये आजारी आणि मुसाफिर दोघांनाही सवलत आहे. सुटलेले रोजे नंतर भरून काढायचे. मात्र पहाटे घरी असलेल्याने केवळ दुपारी विमान आहे म्हणून त्या दिवसाचा रोजा सोडू नये, असे हनफी आणि शाफई दोन्ही मतांचे उलेमा सांगतात. प्रकृतीचे कारण वेगळे. म्हणून तिकीट काढतानाच विमानाची वेळ पाहावी, डॉक्टरांना आणि आपल्या मौलानांना विचारावे. शक्य असेल तर रात्रीचे विमान घ्यावे.

सवलत घेणे म्हणजे इमान कमी पडणे नव्हे. ती देणाराही अल्लाहच आहे. ज्याच्या घरी आई निघाली आहे, त्यानेच तिच्यासाठी हा रस्ता सोपा केला आहे. हे तिला विमानतळावर नव्हे, तर निघण्याच्या आधी घरी, शांतपणे शेजारी बसून सांगायला हवे.