धम्मपदाची कोपनहेगन वाट आणि जर्मन–स्कँडिनेव्हियन अभ्यासाची पदवी

आपल्या वसतिगृहात सकाळच्या वंदनेला धम्मपदातील गाथा म्हटल्या जातात. त्या मुखोद्गत असलेल्या आपल्या आजी-माजी विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल, की युरोपात संपूर्णपणे संपादित होऊन छापला गेलेला धम्मपदाचा पहिला पाली पाठ १८५५ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात प्रसिद्ध झाला. व्हिगो फाउसब्योल या डॅनिश पंडिताने तो सिद्ध केला आणि त्याला लॅटिन भाषांतर जोडले. पाली हस्तलिखिते इतक्या दूर उत्तरेस पोचली ती मुख्यतः रासमुस रास्क या भाषाशास्त्रज्ञामुळे. हा गृहस्थ १८२० साली मुंबईत उतरला. येथे त्याने पारशी धर्मग्रंथांची हस्तलिखिते मिळवली. पुढे तो श्रीलंकेत गेला आणि पाली व सिंहली पोथ्या घेऊन मायदेशी परतला. पुढे १८८० साली ‘मिलिंदपञ्ह’ संपादित केला तो ट्रेंकनर या दुसऱ्या डॅनिश विद्वानाने. औरंगाबादच्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी ज्या राजाचे नाव दिले, तोच हा मिलिंद. विनयपिटकाचे संपादन त्याच सुमारास हेर्मान ओल्डेनबर्ग या जर्मन पंडिताने केले. आपल्याच देशात विस्मृतीत गेलेले ग्रंथ परक्यांनी जपले, याची खंत वाटते आणि त्यांच्याविषयी कृतज्ञताही वाटते.

रास्क मुळात पालीचा अभ्यासक नव्हता. प्राचीन आइसलँडिक भाषेच्या उगमावरचा त्याचा निबंध १८१८ साली प्रसिद्ध झाला. आज ज्याला ‘जर्मन व स्कँडिनेव्हियन अभ्यास’ म्हणतात, त्या विद्याशाखेच्या पायाभरणीत या निबंधाचे स्थान मोठे आहे. त्याने आणि त्याच्यामागून याकोब ग्रिम याने दाखवले, की संस्कृत-लॅटिनमधील ‘प’ जर्मन कुळातील भाषांत नियमाने ‘फ’ होतो. ‘पितृ’चा जर्मनमध्ये ‘फाटर’ होतो, ‘पाद’चा ‘फूस’ आणि स्वीडिशमध्ये ‘फूत’. पाली जाणणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला हे शिकताना परके वाटण्याचे कारण नाही.

या पदवीविषयी पालकांत एक गैरसमज आढळतो. जर्मन शिकणे म्हणजे बोलण्यापुरता क्लास लावणे आणि मग परिचारिका किंवा तंत्रज्ञ म्हणून जर्मनी गाठणे, अशी समजूत आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केल्यापासून ती अधिक पसरली. तो मार्गही सन्मानाचाच आहे. पण पदवीचा अभ्यास निराळा. जर्मन विद्यापीठांत ‘गेर्मानिस्टिक’ या नावाने तो चालतो आणि त्याची तीन अंगे असतात: भाषाशास्त्र, मध्ययुगीन भाषा-साहित्य आणि लूथरनंतरचे अर्वाचीन साहित्य. ‘स्कांडिनाविस्टिक’मध्ये डॅनिश, स्वीडिश किंवा नॉर्वेजियन यांपैकी एक भाषा प्रमुख म्हणून घेतात. ती बहुधा मुळाक्षरांपासून शिकवली जाते. तिघींपैकी एक नीट आली की उरलेल्या दोन वाचता येतात. डॅनिश मात्र कानाला फार छळते. जोडीला प्राचीन नॉर्स भाषा आणि आइसलँडिक सागा असतात. फिनलंड शेजारी असले, तरी फिनिश भाषेचे कूळच वेगळे आहे.

जर्मनीतील बॅचलर पदवी साधारणतः सहा सत्रांची, म्हणजे तीन वर्षांची असते. मानव्यशास्त्रांत दोन विषय जोडून घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे आणि माझ्या मते आपल्या मुलांसाठी हेच सर्वांत मोलाचे आहे. ग्योटिंगेनला स्कांडिनाविस्टिकही आहे आणि भारतविद्याही. ओल्डेनबर्ग आधी कील येथे आणि नंतर ग्योटिंगेनला प्राध्यापक होता. या दोहोंखेरीज बर्लिनचे हुम्बोल्ट विद्यापीठ, म्युनिक, फ्रायबुर्ग आणि बाल्टिक किनाऱ्यावरचे ग्राइफ्सवाल्ड येथेही उत्तर युरोपीय भाषांचे विभाग आहेत. ग्राइफ्सवाल्ड तर दीडशेहून अधिक वर्षे स्वीडनच्या अमलाखाली होते. ब्रिटनमध्ये लंडनचे युनिव्हर्सिटी कॉलेज आणि एडिंबरा येथे हा अभ्यास चार वर्षांचा असून त्यातील एक वर्ष परदेशी काढावयाचे असते. तेथील शुल्क मात्र आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

खर्चाचा प्रश्न स्पष्टपणे मांडला पाहिजे, कारण दलालांच्या जाहिरातींत ‘जर्मनीत शिक्षण मोफत’ एवढेच छापलेले असते. बहुतेक शासकीय विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत, हे खरे. तथापि फ्रायबुर्ग ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे, तेथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. शिवाय व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम, म्हणजे ११,९०४ युरो, ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधी दाखवावी लागते. रुपयांत हा आकडा बारा लाखांच्या घरात जातो. ऊसतोड कामगाराच्या किंवा नगरपालिकेतील सफाई कामगाराच्या घरातून तो कोठून येणार? स्कँडिनेव्हियातील दरवाजेही एकेक करून मिटले. डेन्मार्कने २००६ साली, स्वीडनने २०११ साली आणि नॉर्वेने २०२३ साली आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क लागू केले.

दुसरी अडचण पात्रतेची. आपली बारावी झाली की जर्मनीत थेट प्रवेश सहसा मिळत नाही. येथे पदवीचे किमान एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करावे लागते, किंवा तेथे ‘स्टुडिएनकोलेग’ हा पूर्वतयारीचा वर्ग करून परीक्षा द्यावी लागते. गेर्मानिस्टिकसाठी जर्मनची सी-१ च्या आसपासची पातळी हवी. ती दोन-चार महिन्यांत येत नाही.

तिसरी बाब शिष्यवृत्तीची, आणि माझ्या दृष्टीने निर्णय येथेच होतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती, या दोन्ही पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासासाठी आहेत, बॅचलर पदवीसाठी नाहीत. म्हणून पहिली पदवी येथे आणि दुसरी तेथे, हाच आपल्यासाठी शहाणपणाचा क्रम. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचे असावे, अशी अट असते. त्यामुळे पदव्युत्तर अभ्यासासाठी म्युनिक किंवा हुम्बोल्ट यांचा विचार आधी करावा. केंद्राच्या योजनेतून २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे समाजशास्त्रीय अभ्यास वगळले. आपल्या मुलाने परदेशात जाऊन जातिव्यवस्थेचा अभ्यास करावयाचा नाही, असाच त्याचा अर्थ होतो. जर्मन साहित्याला तो अडसर नाही, हा त्यातला उपरोध.

भारतात जर्मनची बी.ए. पदवी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मुळाक्षरांपासून सुरू होते. प्रवेश सी.यू.ई.टी. परीक्षेने होतो, आरक्षण लागू आहे आणि शुल्क अल्प आहे. दिल्ली विद्यापीठ व हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ हेही पर्याय आहेत. पुण्याच्या काही महाविद्यालयांत अकरावीपासून जर्मन घेता येते. ग्रामीण भागातल्या मुलाला हे कोणी सांगत नाही, म्हणून तो तेथे पोचेपर्यंत शहरातली मुले दोन वर्षे पुढे गेलेली असतात. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात शिकवणे उत्तम. शुल्क मात्र चढे. पुण्याचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचा वर्ग त्या मानाने परवडतो.

बाबासाहेबांनी १९२१ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी अर्ज केला, तो स्वहस्ते आणि जर्मन भाषेत लिहिलेला होता. तेथे त्यांचे नाव नोंदले गेले. पदवी मात्र तेथे झाली नाही. साताऱ्याच्या शाळेत वर्गाच्या कडेला बसवलेल्या त्या मुलाने संस्कृत नाकारले गेले म्हणून फारसी घेतली होती. पुढे तो जर्मन विद्यापीठाशी जर्मनमध्ये पत्रव्यवहार करतो, हे आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात कोठेही नाही.

जाता जाता एक क्षुल्लक वाटणारी, पण अनेकांना नडणारी गोष्ट. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पारपत्रावर त्याची जागा बदलते आणि आधारवर तिसराच क्रम असतो. परदेशी प्रवेशासाठी लागणाऱ्या ए.पी.एस. प्रमाणपत्रापूर्वी ही तिन्ही नावे जुळवून घ्यावीत. जातीचा दाखला व पडताळणी अकरावीतच उरकावी. बारावीच्या निकालानंतर तहसील कचेरीत उभे राहिले, तर शिष्यवृत्तीची मुदत रांगेतच संपते.