खान्देशी उन्हानं पिवळी पडलेली काच

एमएच १८ किंवा एमएच १९ पासिंगची दहा-बारा वर्षं जुनी गाडी समोरून नीट पाहा. पत्रा चकचकीत असेल, सीटकव्हरं नवी असतील, पण हेडलाइटवर दुधावर साय धरावी तसा पिवळट थर दिसतो. आभाळाकडे तोंड केलेल्या वरच्या भागावर तो जास्त असतो. मळ समजून लोक फडक्यानं पुसत बसतात. पण तो मळ नाही, उन्हानं खाल्लेलं प्लॅस्टिक आहे. धुळे-जळगावच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांत ते घासून पुन्हा नितळ करतात, आणि या कामाला जितका मान मिळायला हवा तितका मिळत नाही.

अॅम्बेसेडर, पद्मिनीच्या दिव्यांना खरी काच होती. खडा लागला तर फुटायची, पण पिवळी पडायची नाही. १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मान श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांना पत्ता नसताना पॉलिकार्बोनेट बनवलं. वजनाला हलकं, सहसा न फुटणारं, हवा तो आकार घेणारं. अमेरिकेत ऐंशीच्या आणि युरोपात नव्वदच्या दशकात ते हेडलाइटवर आलं, मग आपल्याकडेही. त्याची खोड एकच, ऊन सोसवत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन जाडीचं कडक कवच चढवतात. अतिनील किरणांनी हे कवच झिजतं, त्याला बारीक तडे जातात, आणि खालचं प्लॅस्टिक पिवळं पडू लागतं. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीनं १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारला, तो याच उन्हाच्या भरवशावर. कचेरीबाहेर, बाजार समितीच्या आवारात गाड्या दिवसभर त्याच उन्हात उभ्या असतात.

जाणता कारागीर आधी दिव्याभोवतीच्या रंगावर टेप लावतो. बादलीत पाणी, त्यात शाम्पूचे चार थेंब आणि भिजत घातलेले वॉटर पेपर: आठशे, हजार, दीड हजार, दोन हजार, मिळाला तर तीन हजार. कवच फारच सोललं असेल तर सुरुवात सहाशेनं. आठशेचा दाणा साधारण २२ मायक्रॉनचा, दोन हजारचा १० मायक्रॉनचा. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे मोडतो आणि स्वतःचे, थोडे बारीक, मागे ठेवतो. म्हणूनच आठशे आडवा फिरवला तर हजार उभा फिरवायचा. आधीची आडवी रेघ कुठे उरली असेल तर ती लगेच दिसते, आणि ती दिसते तोवर पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. बोटांनी दाबून घासलं तर बोटाच्या रुंदीच्या खाचा पडतात, म्हणून कागदामागे फोमचा ठोकळा हवा.

पहिला कागद आधी नुसता सटकतो. खालून पिवळसर पाणी ओघळतं. मग कवचाची सोललेली किनार दिसते, नकाशावरच्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी. ती किनार पूर्ण जाईपर्यंत घासायचं, इथे घाई केली की पुढची सगळी मेहनत पाण्यात. कवच संपलं की कागद प्लॅस्टिकला धरू लागतो आणि पाणी पांढरट होतं. ओली असताना काच नितळ भासते, कारण पाणी ओरखडे भरून काढतं. म्हणून प्रत्येक टप्प्याला ती कोरडी करून, तिरप्या उजेडात पाहावी लागते. शेवटी रबिंग कंपाउंड लावून बफिंग होतं. तेव्हाही मशीन एका जागी धरलं तर प्लॅस्टिक तापून पोळतं.

हा ओला कागद मुळात मोटारींसाठीच आला. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीनं फ्रान्सिस ओकी यांचा वॉटर पेपर बाजारात आणला. गाडीचा रंग कोरडा घासताना उडणारी धूळ कामगारांच्या छातीत जायची, ती पाण्यानं बसली. शंभर वर्षांनी धुळ्याच्या गॅरेजातही त्यानं तेच काम करावं याचं मला फार अप्रूप वाटतं.

आडवाटाही आहेत. टूथपेस्टनं चार दिवस चमक येते. थिनरनं पुसू नये, पॉलिकार्बोनेटला त्यानं तडे जातात. गरम कपातून रसायनाची वाफ मारून काच क्षणात लख्ख करून देणारेही भेटतात. त्या वाफेत अनेकदा क्लोरोफॉर्मसारखं द्रव्य असतं. ते वरचा थर विरघळवून सपाट करतं, ओरखडे लपवतं, आणि मारणाऱ्याच्या श्वासात जातं. ती वाफ माझ्या गाडीवर मी मारू देणार नाही.

ग्राहक घासलेली काच पाहून खूश होतो आणि तिथेच पैसे देऊन निघतो. खरी चूक ती. घासताना जुनं कवच गेलेलं असतं, खालचं प्लॅस्टिक उघडं पडलेलं असतं. अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट त्यावर चढला नाही, तर खान्देशी उन्हात काही महिन्यांत ते पुन्हा पिवळं पडतं. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या मोटारचालक संघटनेनं २०१८ मध्ये चाचण्या केल्या, तेव्हा धुरकटलेल्या दिव्यातून नव्याच्या जेमतेम एक पंचमांश उजेड बाहेर पडत होता, आणि चांगल्या दुरुस्तीनंतर सुमारे सत्तर टक्के. चाळीसगावहून रात्री कन्नडचा घाट चढताना, पावसाळी धुक्यात समोर दिवा नसलेला ट्रॅक्टर असतो, तेव्हा हा फरक जिवाचा आहे.

धुकटपणा आतल्या बाजूनं असेल किंवा तडे खोल गेले असतील, तर मात्र घासण्यात अर्थ नाही, दिवा बदलावा. उरलेल्यांनी उन्हाळ्यात गाडी सकाळीच गॅरेजला न्यावी. दुपारच्या तापलेल्या काचेवर क्लिअर पसरण्याआधीच सुकतो, वर दाणे उठतात, आणि पुन्हा दीड हजारच्या कागदापासून सुरुवात करावी लागते.